फणसाच्या लाकडाची चोळी

“श्वास सोडा वन्सं,” वैजू म्हणाली आणि माझ्या बरगडीला गुडघा लावून तिनं चामड्याची वादी ओढली.

मी सोडला. सोडलेला श्वास परत घ्यायला मिळेल, एवढं तर माणूस गृहीत धरतंच.

पुण्यातल्या एका बड्या हॉटेलात, हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही उभ्या होतो. सकाळची वेळ. चहूकडं आरसे, आरशांपुढं काटकुळ्या पोरी, पोरींच्या केसांवर फवारे मारणारी माणसं आणि त्या सगळ्या घमघमाटात आमच्या दोघींच्या अंगाला येणारा हिरड्या-बाभळीत कमावलेल्या चामड्याचा वास. हा वास आम्हाला स्वतःला कधी येत नाही. समोरच्यानं नाक मुरडलं की मगच कळतं, आपण तो बरोबर घेऊन आलोय. त्या दिवशी बऱ्याच जणांनी मुरडलं.

वैजू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विलासची बायको. मूळची निपाणीची. तिच्या माहेरी चपलांचंच काम आणि कोल्हापुरात आमच्या घरीही तेच. आमच्या गल्लीत दारोदारी चामडं भिजत पडलेलं असायचं, त्यातच आम्ही लहानाचे मोठे झालो. फरक इतकाच की वैजू शिकली. कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स करून ती आमच्या घरात आली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, कापडाचे कपडे सगळं जग शिवतं, मी चामड्याचे आणि लाकडाचे करणार. आबा, म्हणजे माझे वडील, हातातला घास तसाच धरून म्हणाले, “पायात घालायचं ते ही बया छातीला बांधणार.” मी तर पोट धरून हसले होते. लाकूड अंगावर घ्यायचं ते एकदाच, आणि ते घातलेलं बघायला आपण नसतो, असं काहीतरी वेडंवाकडं बोललेही होते.

पण तिनं केलं. फणसाचं लाकूड आणून सुताराकडून त्याच्या पातळ पातळ पट्ट्या काढून घेतल्या, वाफेवर धरून वाकवल्या आणि चामड्यावर एकेक करून शिवल्या. कमरेपासून गळ्यापर्यंत ती पिवळी लाकडं बरगड्यांसारखी अंगाभोवती फिरायची, आणि उजव्या खांद्यावरून वर उठून डोक्यामागं नागानं फणा काढावा तशी उभी राहायची. पुढं गुंडी नाही, मागं हूक नाही. सगळं बंधन डाव्या काखेखाली. तिथं चामड्याच्या दोन कडा वादीनं आवळायच्या आणि वरून एक लाकडी पट्टी खुंट्यांवर दाबून बसवायची. चोळी उघडते कुठून, हे बघणाऱ्याला कळूच नये. वैजूला त्याचा फार अभिमान होता. मी चोळी म्हटलं की ती सुधारायची, “चोळी नाही वन्सं, शिल्प आहे.” बरं बाई, शिल्प. मी मनात चोळीच म्हणायची.

त्या दिवशी तिथं स्पर्धेची शेवटची फेरी होती. कुठून कुठून लोक आले होते. निवड झाली तर वैजूला वर्षभर परदेशात शिकायला पाठवणार होते. आणि त्याहून मोठं म्हणजे आबांनी शब्द दिला होता की मग हे काम घरात राजरोस चालू राहील. नाही झाली तर पोरीनं निमूट चपलांचे तळवे कापायला बसायचं. आबा शब्दाचे पक्के, दोन्हीकडून. म्हणून तिची झोप उडाली होती आणि सोबत म्हणून मला धरून आणलं होतं.

घोळ झाला तो सकाळी. चोळी घालून चालायला ईशिता नावाची एक पोरगी ठरवली होती. चांगली होती, मिजास नव्हती तिला. तिनं चोळी चढवली, दोन पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं. काखेत कापत होतं, हात वर जात नव्हता, कडा लागून कातडी लाल झाली होती. वैजूनं माझ्याकडं बघितलं आणि मला तिच्या मनातलं कळलं.

आता आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे. नवी कोल्हापुरी चावते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मोठ्या गिऱ्हाइकाला आम्ही चावरी चप्पल देत नसू. ती आधी मोडून द्यायची. मोडून म्हणजे तोडून नव्हे. पाणी लावायचं, ओलीच पायात घालायची आणि वाळेपर्यंत पायातून काढायची नाही. वाळता वाळता चामडं पायाचं ऐकायला लागतं. हे काम घरात माझं. अगदी फ्रॉकात होते तेव्हापासून. पायाला घट्टे पडले, पण गल्लीत बोलायचे, शालनच्या पायातनं गेलेली चप्पल चावत नाही. दुसरं कौतुक काही नशिबी आलं नाही, म्हणून हे मी जपून ठेवलेलं. लग्न झालं, नवऱ्यानं दुसरी आणली, मी माघारी आले आणि आल्याच्या दुसऱ्या सकाळी कुणा पाटलाच्या चपला पायात घालून अंगणात फेऱ्या मारत होते. कुणी काही विचारलं नाही. बरं वाटलं होतं तेव्हा.

तर वैजू म्हणाली, “वन्सं, शोला संध्याकाळपर्यंत अवकाश आहे. ओली करून घालता का? तेवढी मोडून द्या.”

तिथल्या दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. आम्हा दोघींना दुसरं काही सुचलं नाही. माझी अंगकाठी त्या पोरीसारखीच, दोन काड्या उभ्या केल्यासारखी. सगळं जुळत होतं.

नाही म्हणायला माझ्याकडं कारण होतं. डाव्या बाजूला, काखेच्या जरा पुढं, माझ्या छातीत गाठ होती. सुपारीएवढी. संक्रांतीला न्हाताना हाताला लागली, आणि त्या दिवसापासून मी कुणाला बोलले नव्हते.

माझी आई त्याच रोगानं गेली. मागच्या खोलीत होती बरेच महिने. जन्मभर चामड्याच्या वासात राहिलेली माणसं तिच्या खोलीच्या दाराशी आली की नाकाला पदर लावायची. वैजू तेव्हा नवी नवरी. तिनं सासूची चिरगुटं धुतली, जखम पुसली, आणि एकदाही पदर नाकापर्यंत नेला नाही. पण रात्रीचं जेवण तिच्या घशाखाली उतरायचं नाही, ते मी बघत होते. तेच परत त्या पोरीच्या वाट्याला आणायचं? आणि तेही कुणासाठी, तर नवऱ्यानं टाकलेल्या नणंदेसाठी? भावाच्या घरी राहणाऱ्या बाईनं मुळातच अंग चोरून राहायचं असतं. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. मला तर जावईसुद्धा नव्हता.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, आण.

अंगात पातळ बनियन ठेवलं, वरून ती ओलीचिंब थंडगार चोळी. वैजूनं कार्यक्रमात बांधायची तशीच वादी आवळून बांधली आणि पट्टी खुंट्यांवर बसवली. चामडं त्याच मापात बसायला हवं होतं ना. आधी बरं वाटलं. मी हात वर करून बघितला, वाकून बघितलं, त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. ईशिता हसून म्हणाली, मावशी, तुम्हीच मॉडेल व्हा. मी म्हटलं, होते की, पण मग तुला कोल्हापूरला येऊन चपलांना खळ लावायला बसावं लागेल. वैजूही हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

मग त्या कर्णिकबाई आल्या. कार्यक्रम त्यांच्याच हातात होता. गळ्यात चष्मा, हातात कागद. म्हणाल्या, मुख्य परीक्षकांचं विमान लवकर आहे, सगळा कार्यक्रम जेवणाच्या आधी उरकायचाय, तयारीला लागा.

वैजूनं चोळीवरून हात फिरवला. जागोजागी काळपट ओल होती.

चामडं वाळवायचं ते सावलीत, त्याच्या मर्जीनं. घाई केली की ते वैर धरतं, असं आबा म्हणायचे. हे वैजूला माहीत, मला माहीत. पण कळतं आणि वळत नाही ते असं. आरशापुढं केस वाळवायची मशिनं होतीच. एक तिनं घेतलं, एक ईशितानं, आणि दोन्हीकडून माझ्यावर गरम वारा सोडला. ओल भराभर उडायला लागली. चामड्याचा रंग उजळला, लाकूड चमकायला लागलं. वैजूचा जीव भांड्यात पडला.

माझा मात्र वरच अडकायला लागला होता. चामडं आक्रसत होतं. आधी पोटाला जाणवलं, मग पाठीला. मग डाव्या बाजूला अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी ओठ आवळले. सांगायचं काय आणि दाखवायचं काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“बास झालं,” मी म्हटलं, “काढ आता.”

तिनं पट्टी उचलायला बोटं लावली. पट्टी हलली नाही. लाकडाच्या खुंट्या ओलीनं फुगून भोकांत बसल्या होत्या. तिनं जोर लावला. मग ईशितानं लावला. मग कर्णिकबाईंच्या हाताखालची एक बाई केसांचा आकडा घेऊन आली आणि फटीतून वादी ओढायला गेली, तर व्हायचं ते झालं. वादीचं टोक सटकून पट्टीखाली आत गेलं आणि बाहेरून काही धरायलाच उरलं नाही.

आता खोलीतली सगळी माणसं भोवती जमली. जो तो सल्ला देत होता. कुणी तेल सोडा म्हणालं, कुणी साबण. हॉटेलचा एक माणूस पक्कड घेऊन दारात उभा राहिला. कर्णिकबाई घड्याळाकडं बघत म्हणाल्या, “पट्टी फोडा आणि काखेतनं हात घालून आतली गाठ कापा. त्यांचा बनियन कापावा लागला तरी चालेल, आपण आडोसा धरू.” एका बाईनं माझा डावा हात धरून वर केलासुद्धा.

माझी पाचावर धारण बसली. चार अनोळखी हात तिथं जाणार, कुणाच्या तरी बोटाला लागणार, कुणीतरी हे काय म्हणून ओरडणार, आणि वैजू समोर उभी असणार. आईच्या खोलीचं दार मला लख्ख दिसलं.

मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, “कुणी हात लावायचा नाही. पट्टी फुटली तर हिचं वर्ष वाया जाईल. घालून चालायचंच आहे ना? मी चालते.”

कर्णिकबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली, नाकात चमकी, तळव्यांना भेगा. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. बहुतेक दुसरा इलाजच नव्हता. म्हणाल्या, बघा बाई, तुमच्या जबाबदारीवर.

वैजूचे डोळे भरले होते. “तुम्हाला धाप लागलीय वन्सं. जमायचं नाही.”

“जन्मभर दुसऱ्याच्या चपला घालून चाललेय. मला चालायला कुणी शिकवू नये.”

ती सगळ्यांदेखत वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती समजत होती, नणंद माझ्यासाठी जीव धोक्यात घालतेय. आणि नणंद तर तिथून पळायला वाट मिळाली म्हणून निघाली होती.

मला खाली काळं लुगड्यासारखं काहीतरी गुंडाळलं, केस ओढून बांधले. ईशितानं माझे दोन्ही हात धरून समजावलं, मोठा श्वास घ्यायला जाऊ नका मावशी, मिळणार नाही, घाबराल. छोटे छोटे घ्या, नाकातल्या नाकात. दहावीस वेळा तिनं माझ्याबरोबर घेऊन दाखवले. त्या पोरीचं काम हिरावून मी निघाले होते आणि ती मला श्वास शिकवत होती.

पडदा बाजूला झाला. पुढं लांबलचक पांढरी वाट, दोन्हीकडं अंधारात माणसं, वरून दिव्यांचा रखरखाट. त्या उजेडाची झळ लागली आणि चोळी आणखी आवळली. मी अनवाणी निघाले. पावलाचं मला काही वाटलं नाही, पाऊल माझं पक्कं. पण वर सगळं दुसऱ्याच्या मुठीत. नाकातल्या नाकात श्वास घेत होते. आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारा जास्त. डावीकडं प्रत्येक पावलाला कळ उठत होती, जणू कुणी त्या सुपारीवर अडकित्ता ठेवून दाबतंय.

लोक काय करतायत ते ऐकू येईना. कानात नुसता ढोल वाजत होता. वाटेच्या टोकाला पोचले आणि श्वास संपला. खरंच संपला. पुढं जायला नाही, मागं वळायला नाही. मी तिथंच उभी राहिले, मान ताठ, कारण मान वाकवली असती तर पडलेच असते. डोक्यामागं तो लाकडी फणा. किती वेळ उभी होते देव जाणे. ईशितानं नंतर सांगितलं, त्या वेळी हॉल इतका शांत झाला होता की वरच्या पंख्यांचा आवाज येत होता. सगळ्यांना वाटलं, बाई काय ऐटीत उभी राहिलीय. बाई मनात म्हणत होती, आई, एवढ्यातनं सोडव.

कुठूनसा थेंबभर वारा आत आला. तेवढ्यावर मी वळले. तेव्हा टाळ्या सुरू झाल्या, आणि मी पडद्याआड जाईपर्यंत चालूच होत्या.

आत आल्याबरोबर मी स्टुलावर कोसळले. कर्णिकबाई धावत आल्या, आनंदानं लाल झालेल्या. म्हणाल्या, परीक्षक उठून उभे राहिले, अजून दोघांचं व्हायचंय, मग सगळ्यांनी एकदा रांगेत समोर यायचंय. परीक्षक जवळून बघणार, हात लावून बघणार, पण अंगावर हवं, त्याशिवाय निकाल नाही. तेवढी कळ काढा. वैजू म्हणाली, काढतील, पण सगळ्यांना बाहेर जायला सांगा, वन्संना वारा लागू दे. ईशिता पाणी आणायला गेली. दार लागलं. आत आम्ही दोघीच राहिलो.

“ओठ निळे पडलेत तुमचे,” वैजू म्हणाली. “पट्टी फोडत नाही. पण काखेतनं दोन बोटं आत जातायत का बघते. वादी सापडली तर सैल करते, रांगेपुरता श्वास मिळेल.”

मी मान हलवली. नको म्हणायला आवाजच उरला नव्हता. ती माझ्या डाव्या अंगाला गुडघ्यावर बसली. माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि काखेतून बोटं आत सारली. बनियन आणि चामड्याच्या मधून ती बोटं मुंगीसारखी खाली सरकत होती. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती, मधूनच आई दिसत होती, मधूनच समोरच्या आरशात फणा काढलेली एक बाई दिसत होती आणि ती मीच आहे हे लक्षात यायला वेळ लागत होता.

बोटं थांबली. नेमकी तिथं, जिथं कळ उठत होती.

“गाठ लागली हाताला,” वैजू म्हणाली. “दगडासारखी झालीय. वन्सं, ही अशी कधीपासून आहे? सांगायचं नाही व्हय मला?”

इतके महिने ज्या प्रश्नाला मी भीत होते तो असा आला. आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. अंगातला सगळा ताठा गेला.

“संक्रांतीपासून,” मी म्हटलं.

तिचा हात आहे तिथंच राहिला.

“संक्रांतीला हे चामडं कमावलंसुद्धा नव्हतं,” ती हळूच म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती वादीची गाठ म्हणत होती. मी डोळे मिटून घेतले. शब्द तोंडातून गेला होता, गिळून परत घेण्याएवढा श्वासही नव्हता.

ती उठून माझ्यापुढं आली. “कुठली गाठ म्हणताय वन्सं?”

मी डोळे उघडले नाहीत. तिनं परत विचारलं नाही. परत माझ्या बाजूला बसली, बोटं आत घातली, पण या वेळी ती वादी शोधत नव्हती. तिला फार शोधावं लागलं नाही. तिच्या तोंडातून नुसतं “आत्या,” एवढंच आलं. सासूला ती आत्या म्हणायची.

दारावर थाप पडली. बाहेरून कर्णिकबाई म्हणाल्या, “कोल्हापूर, रांग लागतेय, या लवकर.”

मी वैजूचं मनगट धरलं. बोलायला लागले तर एकेक शब्द तोडून बोलावा लागत होता. म्हटलं, “वादी सैल कर. मी उभी राहते. एवढं होऊ दे, मग बघू. एवढे महिने घातलेस तू ह्यात.”

“मग म्हणजे कधी?” ती म्हणाली. “आत्या पण मगच म्हणायच्या.”

तिनं पिशवीत हात घातला आणि रापी काढली. चामडं कापायची आमची रुंद पात्याची सुरी ती. तयार मालाला रापी लावायची नाही, असं आमच्या घरात मानतात. चुकून टोक लागलं तरी आबा दिवसभर बोलत नाहीत.

“वैजू, नको. आबांना काय सांगशील?”

“हलू नका.”

मला वाटलं, पट्टीशी खाटखूट करेल, कडेनं सोडवायला बघेल. तिनं डाव्या बाजूकडं बघितलंही नाही. गळ्याशी, अगदी मधोमध, रापीचं टोक आत घातलं, माझ्या अंगाकडं स्वतःची दोन बोटं आड धरली आणि सरळ खाली ओढली. चामडं फाटल्याचा आवाज मी जन्मभर ऐकलाय, पण हा वेगळा होता. मग ती दोन्ही हातांनी कडा धरून उघडायला लागली आणि फणसाच्या पट्ट्या एकेक करून कडाकड मोडायला लागल्या. तिनं वाफेवर धरून वाकवलेल्या, रात्रंदिवस घासून गुळगुळीत केलेल्या. तिच्या आडव्या धरलेल्या बोटांतून रक्त येत होतं. ती थांबली नाही.

वारा आत आला. एवढा आला की मला ठसका लागला आणि मग रडू फुटलं. लहान पोर जन्मल्यावर रडतं तशी रडले मी. चोळी दोन फाकांनी माझ्या मांडीवर पडली. वैजूनं ती उचलून भिंतीशी टाकली आणि तिच्याकडं परत बघितलं नाही.

मी म्हटलं, “विलासला सांगू नकोस.”

“सांगणार. आबांना पण सांगणार. उद्या मिरजेला जायचं, मोठ्या दवाखान्यात. तुमचं ऐकणार नाही मी.”

“परत ते सगळं तुलाच करावं लागेल, पोरी.”

ती माझा ब्लाउज शोधत होती. न वळताच म्हणाली, “आत्यांचं करताना माझा जीव कशानं जळत होता, माहिताय वन्सं? वासानं नव्हे. त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं म्हणून. आपल्याला सांगण्यासारखं कुणी वाटलं नाही त्यांना. हात वर करा.”

मी हात वर केला.

तेवढ्यात दार उघडलं. कर्णिकबाईंनी भिंतीशी पडलेल्या फाका बघितल्या आणि तोंडावर हात ठेवला. “अहो, काय केलंत हे? निकाल तुमच्याच बाजूनं होता. सगळ्यांनी ठरवलं होतं.”

वैजू माझ्या ब्लाउजचे हूक लावत होती. “दार लावून घ्या,” ती म्हणाली. “आत बाईमाणूस आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी तपासलं, सुई घालून तपासायला पाठवलं, वैजूला काय काय विचारलं. मग हात धुता धुता म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी थोडे महिने गेले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली, म्हणजे ते खरंच बोलले.

“कुणाच्या लक्षात आलं हे?” त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. वैजूच्या दोन बोटांना पट्टी होती, तो हात तिनं माझ्या पाठीवर ठेवला.

“माझ्या हाताला लागली,” ती म्हणाली.

“तुम्हाला कशी सापडली?”

“मी दुसरी शोधत होते,” वैजू म्हणाली.